‘सवय झाली’ म्हणजे नेमके काय झाले?

कपाशीवर फवारणी सुरू झाली, की मुकुटबनकडच्या शेतांतून एक वाक्य हमखास ऐकायला मिळते. पाठीवर पंप, तोंडाला जेमतेम दुपट्टा, पायात चप्पल असलीच तर असली, आणि अंगावरचा सदरा औषधाने नि घामाने ओला. अशा माणसाला ‘बाबा रे, जरा जपून’ म्हटले, तर तो हसून सांगतो, ‘‘पयले पयले डोकं दुखे, मळमळ होये, डोयातून पानी ये. आता सवय झाली जी. काई होत नाई आपल्याले.’’

हा माणूस खोटे बोलत नाही. त्याला खरोखरच पूर्वीइतका त्रास होत नसतो. पण म्हणून त्याच्या शरीराने विषावर विजय मिळवला, असा अर्थ काढला तर मात्र मोठी फसगत होते. ‘सवय झाली’ या दोन शब्दांमागे शरीरातल्या पेशींनी नेमके काय केलेले असते, आणि ती गोष्ट जिवावर का बेतू शकते, एवढेच आज आपण समजून घेऊ.

पेशीच्या दारातली घंटा

आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ, स्निग्ध आवरण असते. बाहेरचा निरोप हे आवरण सहसा आत येऊ देत नाही. मग मेंदूचा हुकूम स्नायूला कळतो कसा? भूक लागल्यावर तोंडाला पाणी सुटते ते कोणाच्या सांगण्यावरून? यासाठी पेशीच्या आवरणात विशिष्ट प्रकारची प्रथिने बसवलेली असतात. त्यांना ‘ग्राही’ म्हणतात. डॉक्टर मंडळी रिसेप्टर म्हणतात ते हेच. दारावर घंटा असावी, तसे हे काम आहे. निरोप्या रसायन बाहेरच्या बाजूला येऊन ग्राहीवर बसते, ग्राहीचा आकार किंचित बदलतो आणि आतल्या बाजूला काम सुरू होते. निरोप्याला घरात जावे लागत नाही.

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. केंब्रिजच्या जॉन लँग्ली या शरीरशास्त्रज्ञाने निकोटिन आणि क्युरारी या दोन विषांवर प्रयोग केले. स्नायूकडे जाणारा मज्जातंतू निकामी झाला तरी निकोटिन लावल्यावर स्नायू आखडतो, आणि क्युरारी लावली की ते आखडणे थांबते, असे त्याला दिसले. तेव्हा स्नायूच्या पेशीवरच निरोप ‘स्वीकारणारा’ एखादा पदार्थ असला पाहिजे, असे त्याने १९०५ मध्ये मांडले. पुढे १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवले, की मज्जातंतू आपला निरोप रसायनाच्या रूपाने पोहोचवतो. ते रसायन म्हणजे असेटिलकोलीन. या संशोधनासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या असेटिलकोलीनचे नाव जरा अवघड असले तरी ते लक्षात ठेवू या, कारण आजच्या गोष्टीचा नायक तोच आहे. त्याचा निरोप घेणारे ग्राही दोन घराण्यांचे आहेत. पहिले घराणे ‘मस्करिनी’ ग्राहींचे. ते लाळेच्या व घामाच्या ग्रंथींवर, डोळ्याच्या बाहुलीवर, श्वासनलिकांवर, आतड्यांवर आणि हृदयावर असतात. दुसरे घराणे ‘निकोटिनी’ ग्राहींचे. हातपाय हलवणाऱ्या आणि छातीचा भाता चालवणाऱ्या स्नायूंवर ते असतात. मज्जातंतू स्नायूला जिथे भेटतो तिथे तर त्यांची दाटी असते. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी बाजू असलेल्या चौरसात सुमारे दहा हजार ग्राही! मेंदूत ही दोन्ही घराणी नांदतात.

आता घंटा वाजली, निरोप पोहोचला, की ती थांबायलाही हवी. त्यासाठी ग्राहींच्या शेजारीच एक विकर, म्हणजे एन्झाइम, तैनात असते. त्याचे नाव कोलिनएस्टरेज. त्याचा एक रेणू सेकंदाला असेटिलकोलीनचे हजारो रेणू तोडून टाकतो. त्यामुळे निरोप येतो, काम होते आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत सारे शांत होते. पुढचा निरोप ऐकू यावा म्हणून ही शांतता फार महत्त्वाची असते.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, असिफेट ही ज्या गटातली कीटकनाशके आहेत, त्या सेंद्रिय फॉस्फरस गटाची विषे नेमक्या याच विकराला जखडून टाकतात. अळीच्या शरीरात जे घडावे म्हणून आपण फवारतो, तेच फवारणाऱ्याच्या शरीरातही घडते, कारण हा विकर दोघांकडेही आहे. असेटिलकोलीन तुटत नाही, साचत जाते, आणि दारावरची घंटा वाजतच राहते. मग लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, उलट्या-जुलाब होतात, छातीत घरघर लागते, स्नायू फडफडतात. आणि विष जास्त असेल तर श्वास थांबतो.

घंटा थांबतच नसेल तर?

इथून खरी गंमत सुरू होते. पेशी हे नुसते मुकाट सोसत नाही. जिनिंगमध्ये नवा कामाला लागलेला माणूस पहिल्या दिवशी यंत्राच्या आवाजाने हैराण होतो. आठवड्याभरात मात्र त्या आवाजातच तो निवांत जेवतो. आवाज तेवढाच असतो, फक्त ऐकणाऱ्याने तो मनावर घेणे सोडलेले असते. पेशीचेही असेच काहीसे आहे. मात्र तिची तऱ्हा अधिक पद्धतशीर आहे. ती तीन टप्प्यांनी बहिरी होते.

पहिला टप्पा काही क्षणांचा. निकोटिनी ग्राही म्हणजे मुळात एक झडप आहे. असेटिलकोलीन बसले की ती उघडते. पण ते बसूनच राहिले, तर थोड्या वेळात ती झडप आपोआप मिटते आणि निरोप्या दारात उभा असूनही उघडत नाही. बर्नार्ड कॅट्झ आणि स्टीफन थेस्लेफ यांनी १९५७ मध्ये बेडकाच्या स्नायूवर हे मोजून दाखवले. मस्करिनी ग्राहींची रीत थोडी वेगळी. ते फार वेळ चेतवलेले राहिले, तर पेशीतली काही विकरे त्यांच्या आतल्या शेपटाला फॉस्फेटच्या खुणा करतात. खूण दिसली की अरेस्टिन नावाचे प्रथिन तिथे येऊन चिकटते आणि ग्राहीचा आतल्या यंत्रणेशी असलेला संबंध तुटतो. घंटेचे बटण दाबले जाते, पण तार काढलेली असते! ग्राहींच्या याच मोठ्या कुळावर केलेल्या संशोधनासाठी अमेरिकेतले रॉबर्ट लेफकोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अरेस्टिनची ही करामत उलगडण्यात लेफकोविट्झ यांच्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे.

दुसरा टप्पा काही मिनिटांचा. तार काढून भागले नाही, तर पेशी घंटाच आत घेते. आवरणाला त्या जागी खळगा पडतो, तो खोल होतो आणि ग्राहीसकट एक चिमुकली पिशवी होऊन पेशीच्या आत शिरतो. बाहेर गोंगाट कमी झाला, तर खुणा पुसून तेच ग्राही पुन्हा आवरणावर आणून बसवले जातात. काटकसरी घरात सणाची भांडी उतरवावी आणि पुन्हा माळ्यावर ठेवावी, तसे हे चालते.

तिसरा टप्पा तासांचा आणि दिवसांचा. गोंगाट थांबायचे नावच घेत नसेल, तर आत घेतलेले ग्राही मोडीत काढले जातात आणि नवे बनवण्याचे कामही मंदावते. आता पेशीवर ग्राहींची संख्याच कमी होते. पूर्वी शंभर घंटा होत्या, आता समजा साठच उरल्या. निरोप तेवढाच जोरात आला, तरी आत आवाज कमी पोहोचतो.

हे सगळे पेशी कशासाठी करते? तिला ‘किती’ यापेक्षा ‘काय बदलले’ हे कळण्याची गरज अधिक असते म्हणून. सतत एकाच सुरात वाजणाऱ्या घंटेत बातमी नसते. म्हणून पेशी कायमचा आवाज वजा करते आणि नव्या आवाजासाठी कान मोकळे ठेवते. ही योजना एरवी फार उपकारक आहे.

आपल्याकडे खर्रा खाणारे काही कमी नाहीत. त्यांना हे पटकन पटेल. पहिल्यांदा खर्रा तोंडात टाकला तेव्हा भोवळ आली होती, आणि आता दिवसाला पाच-सहा पुड्या संपल्या तरी काही वाटत नाही. तंबाखूतले निकोटिन वर सांगितलेल्या निकोटिनी ग्राहींवरच बसते. मेंदूतल्या त्या झडपा सतत मिटलेल्या राहू लागल्या, की पेशी भरपाई म्हणून त्यांची संख्या वाढवते. म्हणजे पेशी ग्राही कमी करते तशी वाढवतेही. मग एखादा दिवस खर्रा मिळाला नाही, की वाढलेल्या रिकाम्या ग्राहींमुळे चिडचिड होते, लक्ष लागत नाही. ही ‘तलफ’ मनाची दुर्बलता कमी, आणि पेशीने मांडलेला हिशेब जास्त.

सवय कसली आणि कोणाला?

आता फवारणीवाल्या आपल्या मित्राकडे परत येऊ. दर दोन-चार दिवसांनी थोडे थोडे विष त्याच्या अंगात जाते. यातले पुष्कळसे नाकातोंडातून नव्हे, तर कातडीतून जाते. उन्हाने तापलेली, घामाने भिजलेली कातडी ते लवकर शोषून घेते. प्रत्येक वेळी विकराचा थोडा थोडा भाग जखडला जातो.

प्रयोगशाळेत उंदरांना अशा गटातल्या विषाची छोटी मात्रा रोज दिली, तेव्हा काय झाले ते पाहा. पहिल्या काही दिवसांत उंदीर थरथरले, लाळ गाळू लागले, त्यांचे खाणे कमी झाले. मग, मात्रा तेवढीच असताना, ती लक्षणे ओसरत गेली. उंदीर बरे झाल्यासारखे वागू लागले. पण त्यांच्या मेंदूतला विकर मोजला, तेव्हा तो खालीच होता. सुधारणा विकरात नव्हतीच. मग फरक कशात पडला? १९८० च्या सुमारास अनेक संशोधकांनी ग्राही मोजले, तेव्हा उलगडा झाला. मस्करिनी ग्राहींची संख्या घटली होती. माणसाच्या मेंदूतले ग्राही असे काढून मोजता येत नाहीत, म्हणून हा पुरावा मुख्यतः प्राण्यांवरचा आहे. पण विकर तोच, ग्राही तेच आणि लक्षणेही तीच आहेत.

म्हणजे ‘सवय झाली’ याचा अर्थ विष कमी झाले असा नाही, आणि शरीराची ताकद वाढली असाही नाही. पेशीने घंटा काढून ठेवल्या, इतकाच त्याचा अर्थ. डोके दुखणे, मळमळणे, डोळ्यांतून पाणी येणे ही शरीराची ओरड होती. ‘आता पंप खाली ठेव’ असे ती सांगत होती. ती ओरड थांबली, पण विकराची तिजोरी जवळजवळ रिकामीच राहिली. आता एखाद्या दिवशी पंप पाठीवर गळला, वारा उलटा फिरला किंवा औषध नेहमीपेक्षा तीव्र कालवले गेले, तर त्या माणसाकडे खर्चायला शिल्लक उरलेली नसते. शेजारचा नवखा माणूस सकाळीच मळमळून घरी जातो. सवयीचा माणूस संध्याकाळपर्यंत फवारत राहतो, आणि कोसळतो तोही एकदम.

शिवाय ही सवय टिकाऊही नाही. फवारणी थांबली की काही आठवड्यांत ग्राही पूर्ववत होऊ लागतात. रक्ताच्या तांबड्या पेशींतला विकर मात्र नव्या पेशी तयार होतील तसतसाच भरून निघतो, आणि त्याला तीन-चार महिने लागू शकतात. म्हणून ‘मागच्या साली काही झाले नाही’ हा भरवसा यंदाच्या हंगामात कामाला येत नाही.

२०१७ चा धडा

यवतमाळ जिल्ह्याने २०१७ साली याची फार मोठी किंमत मोजली. त्या वर्षी जुलैपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड त्या दिवसांत भरून गेले होते. कपाशी त्या साली पुरुषभर उंच वाढलेली, हवा दमट, आणि जोरदार फवारा मारणारे पंप वापरात आलेले. उंच झाडावर फवारलेले औषध उलट अंगावरच येई. त्यात दोन-तीन औषधे एकत्र कालवण्याची रीत. सगळीच औषधे फॉस्फरस गटातली नव्हती. त्यांत इमिडाक्लोप्रिडसारखीही होती, जी किड्याच्या निकोटिनी ग्राहीवरच थेट बसतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने पाच कीटकनाशकांवर साठ दिवसांची बंदी घातली. चौकशी झाली, सुरक्षा साहित्याची चर्चा झाली. पण हातमोजे आणि मुखपट्टी घरात असूनही ती खुंटीवरच का राहते, याचे एक उत्तर या ‘सवयी’त आहे. त्रासच होत नाही, तर उकाड्यात हे सगळे चढवायचे कशाला, असे माणसाला वाटते.

उपचारही ग्राहींचाच

अशा रुग्णाला डॉक्टर अ‍ॅट्रोपिन देतात. हे औषध मस्करिनी ग्राहीवर जाऊन बसते, पण घंटा वाजवत नाही. नुसती जागा अडवते. त्यामुळे साचलेल्या असेटिलकोलीनला बसायला जागा उरत नाही, छातीतले पाणी कमी होते, श्वास मोकळा होतो. जागा अडवण्याची हीच युक्ती महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी विंचूदंशावर यशस्वी केली. विंचवाच्या विषाने शरीरात उसळणाऱ्या रसायनांचे ग्राही प्राझोसिन या औषधाने अडवले, तर कोकणातले रुग्ण वाचतात, हे त्यांनी १९८० च्या दशकात जगाला दाखवून दिले.

पण अ‍ॅट्रोपिनची मर्यादाही ओळखली पाहिजे. निकोटिनी ग्राहींवर त्याचा काही अंमल नाही. म्हणून लाळ थांबली, रुग्ण बोलू लागला, तरी धोका टळलेला नसतो. विषबाधेनंतर एक ते चार दिवसांत काही रुग्णांची मान उशीवरून उचलेनाशी होते, खांदे ढिले पडतात आणि श्वास पुन्हा उथळ होतो. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये या अवस्थेचे नेमके वर्णन केले. स्नायूंवरचे निकोटिनी ग्राही अतिमाऱ्याने निकामी होणे हे त्याचे एक कारण मानले जाते. अशा वेळी कृत्रिम श्वासावर ठेवून वाट पाहिली, तर स्नायू पुन्हा काम करू लागतात आणि माणूस वाचतो. म्हणून ‘बरे वाटते आहे’ एवढ्यावर रुग्णाला हट्टाने घरी आणू नका. आणि एक गोष्ट विशेष सांगायची. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिनच्या जातीचे द्रव्य असते हे खरे, पण त्याची मात्रा झाडागणिक बदलते. तो घरगुती उपाय म्हणून देणे म्हणजे एका विषावर दुसरे विष होय.

मुकुटबनसारख्या गावातून यवतमाळचे मोठे रुग्णालय जवळ नाही. आधी वणी किंवा पांढरकवडा गाठावे लागते. म्हणून पहिली मदत गावातच व्हायला हवी. औषध अंगावर सांडले किंवा त्रास सुरू झाला, तर प्रथम सगळे कपडे उतरवावेत आणि साबण लावून भरपूर पाण्याने अंग, केस, नखे धुवावीत. उलटी करवण्याच्या भानगडीत पडू नये. माणसाला कुशीवर निजवून ताबडतोब दवाखान्यात न्यावे, आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरची चिठ्ठी सोबत घ्यावी. फवारताना खर्रा मळू नये, कारण हातावरचे विष त्याच्याबरोबर तोंडात जाते. पाणी आणून देणाऱ्या, औषध कालवणाऱ्या बायांनाही हाच धोका आहे, हे विसरू नये. रोज फवारणाऱ्याने हंगामापूर्वी आणि हंगामात कोलिनएस्टरेजची रक्तचाचणी करून घेता आली तर उत्तम. ग्राही लक्षणे झाकून टाकतात, पण रक्तातला विकर काहीच झाकत नाही.

निसर्गाने पेशीला बहिरे होण्याची कला दिली ती तिचा जीव वाचावा म्हणून. ज्या धन्यासाठी ती हे करते, त्याने तिच्या गप्प बसण्याला होकार समजू नये. फवारणीच्या दिवसांत पहिल्यांदा डोके दुखले, तर वैतागू नका. शरीराची घंटा अजून चालू आहे, असे समजा आणि पंप खाली ठेवा. आणि डोके दुखायचे थांबले असेल, तर मात्र त्याच दिवसापासून अधिक जपा.